कोण म्हणालं, तेही लिहा

पाणीखात्याच्या तक्रार खिडकीमागे बसणाऱ्या बाईला सगळा परिसर खिडकीबाई म्हणायचा आणि घरी तिची थोरली बहीण तिला धाकटी म्हणायची. पन्नाशी उलटली तरी धाकटीच. आपणही तिला धाकटीच म्हणू, कारण जे काही घडलं ते त्या घरापायी घडलं.

धाकटीचा स्वभाव तिखट. शाळेत कुणी तिची पेन्सिल ढापली तर ती भांडायची नाही, रडायची तर त्याहून नाही. ती लक्षात ठेवायची. मग कधीतरी त्याच पोराला भूमितीच्या तासाला पट्टी हवी असायची आणि हिची पट्टी नेमकी घरी राहिलेली असायची. खिडकीमागे बसायला लागल्यावरही या स्वभावाला औषध सापडलं नाही. 'तुम्ही लोक काय झोपा काढता का' म्हणत जो जाळीतून बोट नाचवायचा, त्याचा अर्ज ढिगाच्या पार तळाशी जायचा. आणि जो नीट सांगायचा, की मागच्या गल्लीत कालपासून पाणी नाही, आमचा कॉक तपासून झालाय, शेजारच्या दोन घरांचीही हीच बोंब आहे, त्याच्याकडे जेवणाच्या सुट्टीआधी माणूस पाना घेऊन हजर. हा न्याय होता की नाही हे खात्यात कुणी विचारलं नाही. नळ मात्र दुरुस्त व्हायचे.

थोरली अगदी दुसऱ्या टोकाची. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही, आणि दोघी बहिणी वडिलांच्या घरात पुन्हा एकत्र राहायला लागल्या. घराची पुढची खोली रस्त्याला लागून. तिथे थोरलीनं पाळणाघर काढलं. भिंतीकडेला पातळ गाद्यांची चळत, खुंट्यांवर छोट्या छोट्या पिशव्या, आणि दिवसभर कुणी रडतंय, कुणी हसतंय, कुणी दुसऱ्याच्या डब्यात हात घालतंय. सगळी पोरं तिला मावशी म्हणायची आणि त्यांचे आईबापही मावशीच म्हणायचे. धाकटी संध्याकाळी कामावरून यायची तेव्हा कुणीतरी तिच्या चपला घालून अंगणात मिरवत असायचं. ती वरवर करवादायची. आतून तिला ते फार आवडायचं, पण हे तिनं कुणाला कळू दिलं नाही.

चार वर्षांपूर्वी हे सगळं एका ओळीनं संपलं.

परिसराचा एक ग्रुप होता, फोनवरचा. रंगाच्या दुकानवाल्यानं तो काढला होता. कुणाचं मांजर हरवलं, कुठला दिवा बंद आहे, कुणाला जुनं कपाट विकायचंय, असलं त्यावर चालायचं. एका सकाळी कुणीतरी लिहिलं, 'कोपऱ्यावरच्या पाळणाघरात मुलांना झोपेचं औषध देतात म्हणे. पालकांनी लक्ष द्यावं.' खाली सही होती, 'एक हितचिंतक'.

त्याच्याखाली लोकांनी रांग लावली. 'बापरे.' 'तरीच दुपारी एवढी शांतता असते.' 'मला आधीपासूनच शंका होती.' ज्याला कसलीच शंका नव्हती त्यालाही ती त्या दिवशी आली. मग पोरं जायला लागली. एकाला ताप होता, एकीची आजी राहायला आली होती, एकाच्या आईनं नोकरीच सोडली होती आणि पुढच्याच आठवड्यात ती कामावर जाताना दिसली. महिना संपायच्या आत खुंट्या रिकाम्या झाल्या. थोरलीनं गाद्या उन्हात टाकल्या, झटकल्या, पुन्हा चळत लावली आणि खोलीला कुलूप घातलं. त्यानंतर ती घराबाहेर पडेनाशी झाली. मागच्या खोलीत बसून एका दुकानासाठी स्वेटर विणायची. भाजी धाकटी आणायची, लोकर धाकटी आणायची, विणलेलं पोचवायची तीही धाकटीच.

धाकटीनं तेव्हाच रंगवाल्याच्या दुकानात जाऊन टेबलावर हात आपटला होता. "काढून टाका ते. धादांत खोटं आहे."

रंगवाला भला माणूस, पण भल्या माणसांचा असतो तेवढाच त्याचा कणा. तो म्हणाला, "बाई, त्यानं 'देतात' असं लिहिलं असतं तर मी काढलं असतं. त्यानं 'देतात म्हणे' लिहिलंय. म्हणजे तो स्वतः काहीच म्हणत नाहीये. मी काय काढू?"

धाकटी घरी येईपर्यंत तो शब्द चघळत होती. म्हणे. केवढासा शब्द, पण त्याच्या आडून माणूस वाटेल ते बोलतो आणि वर हात झटकून मोकळा होतो. चोर आहे म्हणे. पळून गेली म्हणे. आपल्या भाषेनं भेकडांची एवढी सोय का करून ठेवली, कोण जाणे! तिनं थोरलीला हजारदा विचारलं, कोण असेल, कुणाशी वाकडं होतं तुझं. थोरली टाके मोजत म्हणायची, "जाऊ दे गं." हे 'जाऊ दे' धाकटीच्या डोक्यात जायचं. ती जाऊ देणारी नव्हती. तिनं लक्षात ठेवलं.

संधी आली ती कुत्र्याच्या पावलांनी. ग्रुपवर कुणाच्या तरी कुत्र्यावरून जुंपली, कुत्र्यावरून मालकाच्या बापापर्यंत गेली, आणि शेवटी दोन जाणते गृहस्थ रंगाच्याच दुकानात एकमेकांच्या कॉलरला भिडले. त्यात पांढऱ्या रंगाचा डबा आडवा झाला. दुसऱ्या दिवशी रंगवाला बुटांवर पांढरे शिंतोडे घेऊन तक्रार खिडकीपाशी उभा.

"बाई, आता ग्रुपला नियम हवेत. आणि नियम चालवणारं माणूस हवं. तुम्ही रोज शिव्या खाता आणि जागच्या हलत नाही. तुमच्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही."

"विचार करून सांगते," धाकटी म्हणाली. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच तिचं ठरलं होतं.

त्या रविवारी ती जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसली. पहिला मसुदा लिहिला तो नुसता शिव्याशाप. थोरलीनं सुया थांबवून विचारलं, "कुणाला एवढी खाऊन टाकतेयस?"

"नियम लिहितेय."

"मग दातओठ कशाला?"

धाकटीनं तो कागद चुरगळला आणि दुसरा घेतला. यावेळी तिनं डोळ्यांसमोर खिडकी ठेवली. तिथे रोज माणसं यायची आणि तीन मिनिटांत तिला कळायचं, की याला नळ दुरुस्त करून हवाय की नुसती गरळ ओकायचीय. हाच फरक तिनं नियमांत उतरवला. स्वतःच्या नावानं लिहा. जे स्वतः पाहिलं, स्वतः भोगलं तेच लिहा. कामाबद्दल बोला, माणसाच्या जातीपातीबद्दल, रूपाबद्दल, घरातल्यांबद्दल नको. चूक दाखवलीत तर काय बदलायला हवं तेही सांगा, नाहीतर ती टिप्पणी नव्हे, थुंकी. 'थुंकी' शब्द रंगवाल्यानं नंतर काढायला लावला. आणि शेवटचा नियम, ज्यासाठी बाकीचे सगळे लिहिले होते: 'म्हणे' चालणार नाही.

प्रत्येक नियम लिहिताना तिला त्या सकाळची एकेक टिप्पणी आठवत होती. आपण परिसराचं भलं करतोय असं तिला क्षणभरही वाटलं नाही. ती फास विणत होती, गळ्याच्या मापाचा. गळा कुणाचा, एवढंच कळायचं बाकी होतं.

रंगवाल्याला नियम बेहद्द आवडले. त्यानं ग्रुपची मांडणी बदलून घेतली. कुणीही काही लिहिलं की ते आधी धाकटीच्या फोनवर यायचं आणि तिनं 'मंजूर' दाबलं तरच सगळ्यांना दिसायचं. शिवाय एखादा शब्द आपोआप अडवायची सोय होती, तिथे रंगवाल्यानं मोठ्या हौसेनं 'म्हणे' घातला.

आणि पहिल्याच दिवशी अर्धा परिसर मुका झाला. यंत्राला अक्षरं कळतात, अर्थ कळत नाही. 'तो म्हणेल ती किंमत' लिहिणाऱ्याचं कपाट अडकलं. 'मी तर असंच म्हणेन' वाली बाई अडकली. 'उद्या पाणी नाही म्हणे' हे तर कुणालाच लिहिता येईना, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तक्रार खिडकीपुढे ही रांग! सगळ्यांचा एकच प्रश्न, उद्या पाणी आहे का? धाकटीचा घसा बसला. आपल्या माणसांचं निम्मं बोलणं ऐकीव असतं हे तिला तेव्हा कळलं. त्यांचं तोंड बांधून चालणार नव्हतं.

संध्याकाळी तिनं नियम बदलला आणि तो बदल तिला स्वतःलाच इतका आवडला की ती एकटीच हसली. म्हणे लिहा, खुशाल लिहा. पण कोण म्हणालं, तेही लिहा.

हे लोकांना जमलं. 'उद्या पाणी नाही म्हणे, खिडकीबाई म्हणाल्या.' 'दिवा दुरुस्त होणार म्हणे, वायरमन म्हणाला.' ज्याला नाव लिहायची लाज वाटायची तो आपसूकच गप्प बसायचा. थोड्याच दिवसांत ग्रुपवर भांडणं उरली नाहीत. बंद दिवे लागले, रस्त्यातला खड्डा बुजला, कुत्र्याच्या मालकानं पट्टा घेतला. लोक धाकटीला रस्त्यात थांबवून म्हणायचे, बाई, काय सुंदर नियम केलेत! ती मान हलवायची. मग एका सकाळी तिनं नियमांखाली आणखी एक ओळ टाकली. 'हे नियम जुन्या टिप्पण्यांनाही लागू आहेत.' कुणाचं तिकडे लक्षही गेलं नाही.

ग्रुप चालवणाऱ्याला प्रत्येकाचा नंबर दिसतो, बाकीच्यांना नुसतं नाव. 'एक हितचिंतक' या नावामागचा नंबर तिनं उघडला आणि ती स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघतच राहिली. तोच नंबर तिथे ठळक लाल आकड्यांत छापलेला होता. विमेवाल्याचं कॅलेंडर. दर वर्षाअखेर तो स्वतः खिडकीपाशी आणून द्यायचा, 'घरी ताईंना नमस्कार सांगा' म्हणायचा. चार कॅलेंडरं! चार वर्षं थोरली या माणसाच्या नंबराखाली दुधाचा हिशोब मांडत होती.

धाकटीनं त्याला ग्रुपवर, सगळ्यांसमोर, अतिशय सभ्य भाषेत लिहिलं. 'आपली जुनी टिप्पणी नियमात बसत नाही. कृपया स्वतःच्या नावानं, कोण म्हणालं ते लिहावं. अन्यथा आपण स्वतःच म्हणालात असं समजलं जाईल.' आपल्याला एवढं गोड लिहिता येतं हे तिलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडताच विमेवाला जाळीपलीकडे. कपाळावर घाम.

"अहो बाई, हे काय काढलंत? मी आपलं काळजीपोटी लिहिलं हो. चार वर्षं झाली."

"नळाची तक्रार आहे का?"

"अहो नळ कसला! माझे सगळे ग्राहक आहेत त्या ग्रुपवर. माझं नाव आलं तर धंदा बसेल माझा."

"हो का?" धाकटी म्हणाली. तिला हे शब्द तोंडात घोळवावेसे वाटले. "धंदा बसतो, नाही का? बसतो खरा."

"मला काय ठाऊक होतं त्या तुमच्या बहीण आहेत म्हणून..."

"दर वर्षी नमस्कार सांगत होतात ना?"

त्यानं मागे वळून पाहिलं. मागची बाई रिकामी बादली घेऊन कौतुकानं ऐकत होती. शेवटी तो अगदी हळू म्हणाला, "मला सलूनवाला म्हणाला होता. दाढी करताना."

"मला नका सांगू. लेखी द्या," धाकटी म्हणाली आणि तिनं बादलीवालीला पुढे बोलावलं.

संध्याकाळी त्यानं नावानिशी लिहिलं. त्याच्यावर जे कोसळायचं ते कोसळलं, सगळं नियमात राहून. 'मी यांच्याकडून विमा घेतला आहे. यांनी आधी खात्री करून बोलायची सवय लावावी.' मंजूर. 'यांनी मला तीन अटी सांगितल्याच नव्हत्या. त्यांनी यापुढे सगळ्या सांगाव्यात.' मंजूर, मंजूर. धाकटी एकेक वाचून थोरलीला ऐकवत होती आणि तिचा आवाज चढत होता. थोरली विणत राहिली.

मग सलूनवाल्याची पाळी. त्यानं कात्री खाली ठेवून एका ओळीत लिहून टाकलं, की आपल्याला नर्सबाई म्हणाल्या होत्या, मुलीचे केस कापायला आल्या होत्या तेव्हा.

नर्सबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातली, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. नवरा परगावी नोकरीला, आणि एक मुलगी, जी थोरलीकडे तीन वर्षं दिवसभर असायची. धाकटीला ती चांगली आठवत होती. चपला घालून मिरवणाऱ्यांतली सगळ्यात पटाईत. आता शाळेत जायची. म्हणजे ज्या घरचं पोर थोरलीनं अंगाखांद्यावर घेऊन वाढवलं, त्याच घरातून हे निघालं होतं! धाकटीचे कान तापले. तिनं नर्सबाईला तीच सभ्य नोटीस पाठवली. कोण म्हणालं, ते लिहा.

दोन दिवस काही आलं नाही. सगळा ग्रुप डोळे लावून बसला होता. तिसऱ्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, नर्सबाईनं लिहिलं, 'मला कोणी म्हणालं नाही. मीच म्हणाले.'

सापडली. धाकटीनं 'मंजूर' दाबलं आणि मनाशी म्हणाली, आता बघ.

तिला काहीच करावं लागलं नाही. लोकांना चार महिन्यांत नियम पाठ झालेले होते आणि त्यांच्या हातात आता ती धारदार वस्तू होती. 'मी स्वतः पाहिलं आहे, या बाई रात्रपाळीहून आल्या की मुलीवर खेकसतात. त्यांनी आवाज कमी ठेवावा.' 'यांनी दिलेल्या इंजेक्शननं माझा हात सुजला होता. त्यांनी काम नीट शिकून घ्यावं.' 'जी बाई अशी अफवा स्वतः रचते, तिच्या हातून औषध घ्यावं का, याचा रुग्णालयानं विचार करावा, ही नम्र सूचना.' नाव होतं, स्वतः पाहिलेलं होतं, सुधारणा होती. एकही शिवी नव्हती. धाकटी ताटातला घास तसाच ठेवून मोठ्यानं वाचत होती. मंजूर. मंजूर. तिच्या छातीतली चार वर्षांची गाठ सैल होत होती आणि ते फार गोड लागत होतं.

"काय लिहिलं तिनं? पहिल्यापासून वाच," थोरली म्हणाली.

"मला कोणी म्हणालं नाही, मीच म्हणाले. निर्लज्ज बाई."

"खोटं बोलतेय ती."

धाकटीनं वर बघितलं. थोरलीनं सुया मांडीवर ठेवल्या होत्या.

"तिला तिच्या लेकीनं सांगितलं असणार. मी द्यायचे ना त्यांना झोपेचं औषध."

धाकटीनं फोन टेबलावर ठेवला. "काय?"

"अगं, चमचाभर पाणी. साधं, माठातलं. दुपारी कुरकुर करायची सगळी. मग मी एकेकाला ओळीनं उभं करून चमचा पाजायचे, म्हणायचे, हे झोपेचं औषध, आता डोळे मिटायचे. तोंड वाकडं करून प्यायची, जशी काही कडूच आहे. नर्सबाईंची ती तर दोनदा मागायची." थोरली जराशी हसली आणि पुन्हा गंभीर झाली. "ती ओळ आली ना, तेव्हाच मला कळलं कुठून निघालं असेल ते."

"आणि तू चार वर्षं मला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू काय केलं असतंस? त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली असतीस. शाळेत जाणाऱ्या त्या पोरीला अख्ख्या परिसरानं बोट दाखवलं असतं, हीच ती म्हणून. मला नको होतं ते. तिच्या आईलाही नकोय, म्हणून ती स्वतःवर घेतेय."

धाकटीला राग आला, आणि राग कुणावर धरावा हे तिला उमजेना. "तिनं येऊन विचारलं का नाही मग? नर्स आहे ना? शिकलेली आहे ना? तुला विचारायला काय तोंड नव्हतं तिला?"

"तेच लिहायचंय मला," थोरली म्हणाली. "घे तो फोन. मी सांगते तसं लिही."

"मी नाही लिहिणार. तू औषध द्यायचीस असं तूच कबूल करणार? लोक पुढचं वाचायचेही नाहीत. आता कुठे तुझं नाव स्वच्छ होतंय!"

"दुसरीच्या तोंडाला काळं फासून?" थोरलीचा आवाज चढला नाही, पण असा आवाज धाकटीनं तिच्याकडून लहानपणीसुद्धा ऐकला नव्हता. "ती रुग्णालयाची सूचना वाचलीस ना आत्ता? माझी खोली बंद झाली तशी तिची नोकरी जाईल. मी सांगतेय ते तुझ्या नियमात कुठे बसत नाही, ते दाखव मला. दाखवलंस तर गप्प बसते."

धाकटीनं शोधलं. मनातल्या मनात एकेक नियम लावून बघितला आणि तिला काही सापडलं नाही. तिनं लिहायला घेतलं. थोरली सांगत गेली, एकेक वाक्य, टाके मोजल्यासारखं.

'कोपऱ्यावरचं पाळणाघर मी चालवत होते. मी स्वतः केलेलं लिहिते. दुपारी मुलं झोपत नसत, म्हणून मी प्रत्येकाला चमचाभर साधं पाणी द्यायचे आणि त्याला झोपेचं औषध म्हणायचे. तो खेळ होता. कुणा मुलानं घरी सांगितलं असेल तर ते खरंच सांगितलं आहे. कोण म्हणालं, असं विचारलं जातंय. मी म्हणाले. काय बदलायला हवं होतं तेही लिहायचं आहे. मी पाण्याला पाणी म्हणायला हवं होतं. आणि तुमच्यापैकी एकानं तरी येऊन मला विचारायला हवं होतं. दार दिवसभर उघडंच असायचं.'

धाकटीनं शेवटचं वाक्य लिहिलं आणि पुढे काही येतंय का म्हणून थांबली. पुढे काही नव्हतं. तिनं स्वतः रचलेल्या सगळ्या नियमांनी, सभ्य नोटिशींनी आणि त्या मंजूर, मंजूरच्या सपाट्यानं जे झालं नव्हतं, ते या एका सूचनेनं होणार होतं हे तिला स्पष्ट दिसलं. यात कुणाचं नाव नव्हतं, आणि ग्रुपवरचा एकही माणूस सुटत नव्हता. तिनं 'मंजूर' दाबलं.

थोरलीनं ताटं उचलली, धाकटीनं टेबल पुसलं. मग फोन वाजायला लागला तो थांबेचना. मंजुरीच्या रांगेत माणसं येऊन उभी राहिली. 'मावशी, माफ करा.' 'आमचं चुकलं हो, ताई.' 'आम्हाला कधीच खरं वाटलं नव्हतं.' विमेवाल्यानं नुसते जोडलेले हात पाठवले होते, तीनदा. ज्यांनी 'बापरे' लिहिलं होतं ते सगळे होते. आणि त्यांच्यात एक नर्सबाईची ओळ होती. 'मी विचारायला हवं होतं. नोकरीच्या धबडग्यात राहिलं म्हणणार नाही. मी घाबरले होते. ती अजून तुमची आठवण काढते.'

धाकटीनं रांग वाचून दाखवली. "काय करू? करून टाकू सगळं मंजूर?" तिनं विचारलं. आता तिच्या आवाजात धार नव्हती. एवढ्या लोकांनी एकदम मान खाली घातलेली तिनं जन्मात पाहिली नव्हती, आणि तिला वाटलं, झालं की आपलं.

थोरलीनं हात पुसले, लोकरीचा गुंडा उचलला आणि खुर्चीत बसली.

"नर्सबाईंचं तेवढं जाऊ दे," ती म्हणाली.

"आणि बाकीच्यांचं?"

थोरलीनं एक टाका उचलला, मग दुसरा.

"थांबू दे की. मी चार वर्षं थांबले ना?"